कॅसेटच्या कागदावरची नावं कुठं गेली? मराठी अल्बमच्या मालकांना ठाण्याहून खुलं पत्र

प्रति,
मराठी अल्बमचे हक्क ज्यांच्याकडे आहेत त्या समस्त म्युझिक कंपन्या, आणि ते अल्बम आम्हाला ऐकवणारी समस्त ॲप्स

नमस्कार मंडळी,

मी ठाण्यातली एक निवेदिका. निवेदिका म्हणजे फार मोठी वगैरे नाही हो, आमचा एक कराओके ग्रुप आहे, बँकेतून रिटायर झालेले, शाळेत शिकवणाऱ्या, दोन डेंटिस्ट, एक रिक्षावाले काका (सगळ्यात सुरेल तेच), असे सगळे मिळून घोडबंदर रोडच्या एका सोसायटीच्या हॉलमधे दर महिन्याला जुनी मराठी गाणी गातात, अधूनमधून वाशी-नेरूळच्या ग्रुपची बोलावणी येतात तेव्हा तिकडेही जातो. गाणारे बाकीचे, बोलणारी मी. माझं गाणं एकदा सगळ्यांनी ऐकलंय, तेव्हापासून माझ्या हातात माइक फक्त बोलण्यापुरता येतो.

तर निवेदन करायचं म्हणजे काहीतरी माहिती लागते ना. गाणं कोणी लिहिलं, चाल कोणाची, संयोजन कोणाचं, मधला तो संतूरचा तुकडा कोणी वाजवलाय, रेकॉर्डिंग कुठं झालं, कधी झालं. आणि तुमच्या ॲपवर मला काय मिळतं? एक नाव, एक फोटो, एक वर्ष. नाव बहुतेक वेळा गायकाचं, कधी संगीतकाराचं, कधी दोघांची मिळून खिचडी. अभंग असेल तर फोटो विठोबाचा. आणि वर्ष चुकीचं. म्हणजे टायपिंगमधे चुकलेलं नाही, पद्धतशीर चुकीचं, कारण तुम्ही तिथं गाणं अपलोड झाल्याचं नाहीतर कॅटलॉग विकत घेतल्याचं साल टाकता आणि ऐकणाऱ्याला वाटतं गाणं त्या साली झालं.

एक उदाहरण घ्या, सगळ्यांना माहीत असलेलं. लताबाईंची आणि हृदयनाथांची 'शिवकल्याण राजा' ही एलपी (म्हणजे मोठी तबकडी) १९७४ ची, शिवराज्याभिषेकाला तीनशे वर्षं झाली त्या निमित्तानं निघालेली. ते साल म्हणजे त्या अल्बमचा जीव आहे. ते काढून तुम्ही तिथं सीडीचं किंवा डिजिटल आवृत्तीचं साल लावलंत तर आजच्या कॉलेजच्या मुलाला ही काय भानगड आहे, आत्ताच का काढली, कोणासाठी काढली, कशाचा पत्ताच लागत नाही. हे गाजलेलं आहे म्हणून निदान बाहेरून शोधून काढता येतं. बाकीच्यांचं काय?

बाकीचे म्हणजे आमच्याकडचेच सांगते. ठाणे-बेलापूर पट्ट्यात, कळव्यापासून दिवाळे-बेलापूरपर्यंत, ऐंशी-नव्वदच्या दशकात हळदीला कॅसेट वाजल्याशिवाय लग्नच लागायचं नाही. आगरी-कोळी गाणी, वेसावकर मंडळींची, गायक प्रल्हाद शिंद्यांच्या घरातली, भीमगीतं, पालखीची गाणी, एकेकाची चार-चार व्हॉल्यूम. ऐंशीच्या दशकात कॅसेट स्वस्त झाली आणि एलपी काढायची ऐपत नसलेल्या गावातल्या गाण्याच्या पार्टीलाही एक दिवसाची शिफ्ट घेऊन मुंबईतल्या स्टुडिओत जाऊन आठ गाणी करून येणं परवडायला लागलं, चार ए साइडला चार बी साइडला. ढोलकी, बँजो, क्लॅरिनेट, घुंगरू, एक कीबोर्डवाला, कोरसला घरच्याच बायका. हे अल्बम काढणाऱ्या कितीतरी छोट्या कंपन्या आता राहिल्याच नाहीत. मालक गेले, मुलांनी धंदा बदलला, मास्टर टेप कोणीतरी गठ्ठ्यानं विकत घेतल्या, आणि त्या गठ्ठ्याचे आजचे मालक तुम्ही. त्या टेपबरोबर कागद आले का तुमच्याकडे? आले असतील तर ते दाखवा, आणि नसतील आले तर निदान आमच्याकडच्या कॅसेटच्या आतला कागद घ्या, कारण पुष्कळ अल्बमच्या बाबतीत तेवढा एकच पुरावा आता शिल्लक आहे.

माझ्या समोर आत्ता असंच एक इनले कार्ड आहे, आमच्या ग्रुपमधल्या एकीच्या माहेरचं, कोपरखैरण्याचं. तीन घड्या. पुढे गायक-गायिकेचा फोटो, मागे समुद्र आणि होडी, रंग छापताना हललेत त्यामुळे होडीला दोन शिडं दिसतात. घडी उघडली की आतल्या बाजूला मुंगीएवढ्या अक्षरात, अहो चष्मा लावून खिडकीत जावं लागतं, गीतं, संगीत, संगीत संयोजन, ढोलकी, साइड ऱ्हिदम, बँजो, कोरसमधल्या सहा बायकांची नावं, ध्वनिमुद्रण, स्टुडिओ, फोटो कोणी काढले, आणि शेवटी 'विशेष आभार' म्हणून गावचे सरपंच आणि टेम्पोवाला. टेम्पोवाला! लग्नपत्रिकेत आपण 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं'पर्यंत सगळ्या पोरांची नावं घालतो ना, तशी त्या माणसानं कोणाला न विसरता नावं घातलीत. हेच गाणं ॲपवर आहे. तिथं कलाकार म्हणून एकच नाव आहे आणि ते कंपनीचं आहे. गायकाचंसुद्धा नाही.

आता तुमच्यातलं कोणीतरी म्हणेल की बाई, ही नावं वाचतंय कोण. मी वाचते. आणि दुसरं म्हणजे ती वाचायला मिळत होती तोपर्यंत लोक वाचत होते, संगीत संयोजक अनिल मोहिले हे नाव आमच्या पिढीला रेकॉर्डच्या पाठीवरूनच माहीत झालं, इनॉक डॅनियल्स म्हणजे पुण्याचे ॲकॉर्डियनवाले हेही तिथूनच कळलं. उल्हास बापटांचं संतूर आर. डी. बर्मनच्या गाण्यांत आहे हे कळल्यावर आमच्या रिक्षावाल्या काकांनी ती सगळी गाणी नव्यानं ऐकली. फोर्टातल्या वेस्टर्न आउटडोअर स्टुडिओमधे दमन सूद आणि अविनाश ओक हे रेकॉर्डिस्ट काचेमागे बसायचे, ताडदेवच्या फिल्म सेंटरचा आवाज वेगळा, वांद्र्याच्या मेहबूबचा वेगळा, असं बोलणारी माणसं ठाण्यात आजही आहेत, आणि ही सगळी माहिती त्यांना काही दैवी साक्षात्कारानं झालेली नाही, छापलेली होती म्हणून झाली.

मागे आमच्या कार्यक्रमाला कळव्याचे एक आजोबा आले होते, त्यांच्या परवानगीनं सांगते, नाव मात्र नको म्हणालेत. मी निवेदनात एका भावगीताबद्दल 'मधेच येणारं ते हळवं व्हायोलिन' असं काहीतरी बोलून गेले. कार्यक्रम संपल्यावर ते आले आणि म्हणाले, ताई, ते व्हायोलिन नव्हतं, आठ व्हायोलिनं होती आणि मी तिसऱ्या खुर्चीवर होतो. मग खुर्च्या आवरल्या जात होत्या तिथंच उभं राहून त्यांनी सगळं सांगितलं. सगळे वादक एकाच हॉलमधे, गायिका आडोशाला वेगळ्या बूथमधे, समोर स्टँडवर नोटेशनचा कागद, कागद उलटताना आवाज झाला तर टेक बाद, म्हणून दोन पानं चिमट्यानं शेजारी-शेजारी लावायची. शेवटच्या कडव्यात ढोलकीवाल्याचा हात चुकला तर सगळ्यांनी पुन्हा पहिल्या म्युझिकपासून, कारण तेव्हा नंतर तेवढाच तुकडा पुन्हा वाजवून मधे जोडायची सोय नव्हती. पुढे मल्टिट्रॅक, म्हणजे प्रत्येक वाद्य वेगळं रेकॉर्ड करायची सोय, आल्यावर एकेक जण वेगवेगळं वाजवून जायला लागला, मग कीबोर्डमधे आठ व्हायोलिनं एका बोटाखाली आली आणि त्यांच्या शिफ्टा कमी झाल्या. हे सगळं त्यांनी अगदी हवापाण्यावर बोलावं तसं सांगितलं. तक्रार एकच. म्हणाले, आमची नावं तेव्हाही छापत नव्हते, पैसे मिळायचे, आम्ही घरी यायचो. पण अरेंजरचं, म्हणजे संयोजकाचं तरी छापायचे. आता तुम्ही त्यांचंही काढलंत.

'तुम्ही' म्हणताना ते माझ्याकडे बघत होते. म्हणून हे पत्र तुमच्याकडे पाठवतेय.

वादकांची नावं न छापण्याचा रोग आपल्याकडचाच आहे असंही नाही. अमेरिकेत डेट्रॉइटला मोटाउन नावाच्या कंपनीच्या एका घरातल्या छोट्या स्टुडिओत साठच्या दशकात ढिगानं हिट गाणी झाली, वाजवणारी टोळी बहुतेक तीच, फंक ब्रदर्स म्हणायचे त्यांना, आणि रेकॉर्डवर त्यांचं नाव नाही. १९७१ मधे मार्विन गेच्या 'व्हॉट्स गोइंग ऑन'च्या कव्हरवर पहिल्यांदा आलं. म्हणजे तिथंही उशीरच झाला, पण झाला तो पुढच्या दिशेनं, आधी नव्हती ती नावं नंतर आली. आपण उलटं चाललोय, होती ती घालवतोय. खरंतर आपल्याकडे सुरुवात किती झकास होती बघा, १९०२ साली कलकत्त्यात पहिली रेकॉर्डिंगं झाली तेव्हा गौहरजान गाणं संपल्यावर स्वतःच मोठ्यानं सांगायची, 'माय नेम इज गौहर जान'. तबकड्या जर्मनीत छापून यायच्या, तिथल्या माणसाला कळावं की हे कोणाचं, म्हणून. नाव गाण्यातच कोरलेलं, त्यामुळे आज तिची फाइल कोणी कितीही हलगर्जीपणानं अपलोड केली तरी नाव पुसता येत नाही. बाकीच्यांनी काय करायचं होतं, प्रत्येक ढोलकीवाल्यानं शेवटी ओरडायचं होतं का?

बरं, हा नुसता भावनेचा मुद्दा नाही, कायद्याचाही आहे. आमच्या ग्रुपमधे एक वकीलबाई आहेत (त्या फक्त लावण्या म्हणतात), त्यांनी मला कॉपीराइट कायदा उघडून दाखवला. कलम ५२अ. साउंड रेकॉर्डिंग बाजारात आणायचं तर त्यावर आणि त्याच्या वेष्टनावर तीन गोष्टी पाहिजेतच, रेकॉर्डिंग करणाऱ्याचं नाव-पत्ता, हक्काच्या मालकाचं नाव-पत्ता, आणि पहिल्यांदा प्रसिद्ध झालं ते वर्ष. पहिल्यांदा! अपलोडचं नव्हे. आता वेष्टनच राहिलं नाही, मग छापायचं कुठं, असं तुमचे वकील म्हणतील, तर मोबाइलच्या स्क्रीनवर छापा, जागा काही कमी नाहीये, अर्ध्या स्क्रीनवर तुमची जाहिरात मावते. आणि २०१२ च्या दुरुस्तीत कलम ३८ब आलं, त्यात कलाकाराला, त्यात वादकही आले, हे मी सादर केलंय अशी ओळख मागायचा हक्क दिलाय.

वर्षाचा तर पैशाशी सरळ संबंध आहे आणि मला राहून राहून शंका येते की म्हणूनच वर्षाबद्दल इतकी उदासीनता आहे. रेकॉर्डिंगवरचा हक्क पहिल्या प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून साठ वर्षं. म्हणजे १९६४ साली निघालेल्या तबकडीवरचा रेकॉर्डिंगचा हक्क २०२४ च्या डिसेंबरअखेर संपला. (शब्द आणि चाल यांचा हक्क वेगळा, तो कवी-संगीतकाराच्या निधनानंतर साठ वर्षं, ते घालमेल करू नका.) आता त्या तबकडीच्या गाण्यासमोर तुम्ही अलीकडचं कुठलंतरी साल लावून ठेवलंत तर सामान्य माणसाला कसं कळणार की ही मुदत संपली? शाळेच्या स्नेहसंमेलनाचा व्हिडिओ टाकला की कॉपीराइटची नोटीस येते, तेव्हा त्या मुख्याध्यापकांनी कशाच्या आधारावर भांडायचं? आणि गीतकार-संगीतकारांना रॉयल्टीचा वाटा त्याच २०१२ च्या दुरुस्तीनं पक्का करून दिला, पण गाण्यासमोर गीतकाराचा रकानाच रिकामा असेल तर तो वाटा जाणार कोणाच्या घरी?

आता एक जरा किचकट तक्रार, पण कराओकेवाल्यांच्या जिव्हाळ्याची. तुमची कितीतरी जुनी गाणी चुकीच्या वेगानं डिजिटल झालीत. गाणं लावलं, पेटी काढली, तर सूर पांढरी पाच आणि काळी चारच्या मधे कुठंतरी लोंबकळतोय. वादकांनी काही मधल्या फटीत वाजवलेलं नाही, टेप किंवा तबकडी फिरवणारं मशीन वेगात चाललं होतं. वेग सहा टक्क्यांनी वाढला की अख्खी पट्टी वर जाते, तीन टक्क्यांनी वाढला की हे असं. आणि गायिकेचा आवाज उगाच बारीक, चिमटा काढल्यासारखा होतो, नवीन ऐकणाऱ्याला वाटतं की तेव्हाच्या बायका असंच गायच्या.

हे दुरुस्त होतं, झालेलंही आहे. न्यूयॉर्कला कोलंबिया कंपनीचा एका जुन्या चर्चमधे स्टुडिओ होता, तिथं १९५९ साली माइल्स डेव्हिसचा 'काइंड ऑफ ब्लू' झाला, जॅझमधला सगळ्यात गाजलेल्यांपैकी. त्याच्या पहिल्या बाजूची गाणी रेकॉर्ड करताना एक टेप मशीन हळू चालत होतं त्यामुळे (हळू घेतलेलं नेहमीच्या वेगानं वाजवलं की सूर चढतो) एलपीवर ती किंचित चढी वाजायची, आणि लोक तीसहून जास्त वर्षं तशीच ऐकत, त्याच्याबरोबर वाजवत राहिले. १९९२ मधे दुसऱ्या मशीनवरची राखीव टेप काढून ती बाजू सरळ केली. राखीव टेप जपून ठेवलेली होती म्हणून. लंडनला ॲबी रोडच्या स्टुडिओत ११ फेब्रुवारी १९६३ ला बीटल्सनी एका दिवसात दहा गाणी उरकली हे आज कोणालाही सांगता येतं, कारण त्या दिवसाचे कागद आणि टेपा तिथं राहिल्या. मी असं म्हणत नाही की ताडदेव-फोर्टातल्या कागदांचं मंदिर बांधा. मुंबईच्या दमट हवेत टेपला बुरशी येते हे मलाही कळतं, गोदामाचं भाडं मलाही कळतं. पण जे कागद आमच्या घरात फुकट जपले गेलेत ते तरी घ्या की!

तेव्हा आमचं म्हणणं असं आहे. ठाणे, कळवा, ऐरोली, वाशी, नेरूळ इकडच्या ग्रुपमधे विचारलं तर घराघरात कॅसेटचे डबे निघतात, एलपी निघतात, काहींनी कॅसेट फेकल्या पण कागद ठेवलेत (असे लोक असतात, माझे मिस्टर त्यातले). आम्ही ते कागद स्कॅन करून, त्यातली नावं युनिकोडमधे एक्सेलला टाइप करून तुम्हाला देतो, पैसे नकोत, आमच्याकडे रिटायर्ड बँकवाले आहेत, एंट्री चुकणार नाही. तुम्ही फक्त ती तुमच्या सिस्टिममधे चढवा. रकाने तुमच्याकडे आधीपासून आहेत, ॲपला गाणी पाठवायच्या जागतिक फॉरमॅटमधे वादक, संयोजक, रेकॉर्डिस्ट, स्टुडिओ सगळ्याला जागा आहे, इंग्रजी अल्बमला ती भरलेली दिसते. मराठीच्या वेळी ती रिकामी सोडायची हा तुमचा निर्णय आहे, तांत्रिक अडचण नाही. आणि हो, नावं मराठीत लिहा. एकाच गायिकेचं नाव रोमन लिपीत तीन तऱ्हांनी लिहिल्यामुळे तिची तीन वेगळी पानं होतात आणि एकाच नावाचे दोन शाहीर असले की त्यांचं मिळून एक पान होतं. देवनागरीत एकदा नीट लिहिलं तर निदान पहिला घोळ होणार नाही.

हे करायला माणूस कोण, ते कळवा. आत्तापर्यंत तुमच्यापैकी एका ठिकाणी मी मेल केलं होतं, उत्तर आलं की 'आपल्या अभिप्रायाबद्दल धन्यवाद, आपला संगीतमय दिवस शुभ असो', आणि खाली पाच ताऱ्यांपैकी किती देता असं विचारलेलं. दुसऱ्या ठिकाणी फोन केला तर एक, दोन, तीन दाबत दाबत मी कॉलर ट्यूनच्या विभागात पोचले. त्यामुळे मेल आयडी नको, माणूस द्या, ज्याला इनले कार्ड म्हणजे काय हे सांगावं लागणार नाही असा. पहिला गठ्ठा तयार आहे, आगरी-कोळी आणि भक्तिगीतं मिळून, अक्षरं लागत नव्हती तिथं आम्ही लाल रंग केलाय आणि अंदाजानं काहीही भरलेलं नाही.

कळावे,
ठाण्यातली एक निवेदिका आणि मंडळ

ता.क. : झंकार बीट्सवाल्या आवृत्त्यांबद्दल वेगळं पत्र लिहिणार आहे. तोवर एवढं करा की मूळ गाणं आणि त्यावर नंतर कोणीतरी ढोलक चिकटवलेलं गाणं, दोन्हींच्या नावात फरक ठेवा. आमच्या रिक्षावाल्या काकांनी गेल्या वेळी मूळ समजून दुसऱ्याचाच ट्रॅक लावला आणि वाशीच्या लोकांसमोर अंतऱ्यात अडीच मात्रा पुढे निघून गेले.